अर्धा लेखक

दोन माणसांनी मिळून करायची कामं जगात मोजकीच असतात. सतरंजीची घडी घालणं, लोखंडी कपाट हलवणं, धुतलेली सोलापुरी चादर पिळणं आणि संसार करणं. यांतलं शेवटचं सोडलं तर बाकीच्या कामांत कुणी कुठलं टोक धरायचं हे आपोआप ठरतं. लिहिणं मात्र या यादीत कधी नव्हतं. मराठी लेखक म्हटला की तो डोळ्यांसमोर एकटाच येतो. टेबल, खिडकी, खिडकीबाहेर पाऊस आणि आतून कुणीतरी "चहा निवतोय हो!" म्हणून मारलेली हाक. हाक मारणाऱ्या व्यक्तीचं नाव मुखपृष्ठावर येत नाही. फार तर अर्पणपत्रिकेत "जिच्या सोशिकपणामुळे" असा मोघम उल्लेख येतो आणि तेवढ्यावर ती व्यक्ती आणखी तीन पुस्तकं चहा करते.

सिनेमाला माणसं जास्त लागतात हे खरं, पण आपल्या मराठीनं तिथेही एकट्यानं किल्ला लढवून दाखवलेला आहे. १९५३ सालचा 'गुळाचा गणपती' घ्या. पटकथा पु. ल. देशपांड्यांची, संवाद त्यांचे, संगीत त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं आणि पडद्यावर नायक म्हणून वावरतात तेही तेच. लोक त्याला 'सबकुछ पु. ल.' म्हणतात ते उगाच नव्हे. असल्या परंपरेत वाढलेल्या माणसाला कुणी "अर्धी पटकथा लिहितोस का?" असं विचारलं, तर त्याला आधी तो 'अर्धी' शब्दच टोचतो. मला टोचला.

विचारणारा माझा कॉलेजातला मित्र. मी बँकेतून निवृत्त झालेला, दिवाळी अंकांतून हलकंफुलकं लिहिणारा माणूस. तो मुंबईत गोरेगावला राहतो आणि गेली तीस वर्षं मालिका लिहितो. या काळात त्यानं किती सासवा मारल्या आणि त्यांतल्या किती पुढच्या सोमवारी जिवंत केल्या, याचा हिशेब त्याच्याकडेही नाही. गुरुवारी दुपारी, माझ्या डोळ्याला डोळा लागतोय न लागतोय तोच त्याचा फोन आला.

"अरे, आठ भागांची सीरिज आहे. चाळीस चाळीस मिनिटांचे भाग. पुण्यातली एक जुनी सोसायटी, तिचा पुनर्विकास, अठरा सभासद आणि एकोणीस मतं. दोघांनी मिळून लिहायचं. मला तूच हवास."

"मीच का?"

"तू अकरा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतास. तुझ्याकडे माल आहे."

माझ्या तीस वर्षांच्या साहित्यसेवेबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. सोसायटीची इतिवृत्तं मात्र त्याला साहित्य वाटत होती. मी म्हटलं, "लिहिणारे दोघं म्हणजे मी अर्धा लेखक!" त्यावर त्यानं मला 'सिंहासन' ऐकवला. "१९७९ चा. कादंबऱ्या दोन, दोन्ही अरुण साधूंच्या. पटकथा तेंडुलकरांची. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. यातला अर्धा कोण, सांग बघू?"

मला सांगता येईना. मी दोन आठवड्यांची मुदत मागितली. आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेलासुद्धा चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते. माणसाच्या आयुष्यातल्या निर्णयाला तेवढी तरी हवी.

घरात विषय काढल्यावर आमच्या हिनं पहिला प्रश्न विचारला, "पैसे किती?"

"बरे आहेत म्हणतो."

"आणि कधी?"

"टप्प्याटप्प्यानं. थोडे सही केल्यावर, थोडे कथेचा आराखडा दिल्यावर, थोडे पहिला खर्डा झाल्यावर, थोडे संवाद लिहून झाले की आणि उरलेले शूटिंग सुरू झाल्यावर."

"आणि शूटिंग सुरूच झालं नाही तर?"

मी गप्प बसलो. "बिल्डर असंच बोलतात," एवढं म्हणून ही मटार सोलायला लागली.

मग मी कामाचा अंदाज घ्यायला बसलो. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा त्या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. आठ भाग, चाळीस मिनिटं, म्हणजे तीनशेवीस पानं. माझा आजवरचा सर्वांत प्रदीर्घ लेख दिवाळी अंकात सहा पानं चालला होता आणि त्यातल्या दीड पानावर चिवडा मसाल्याची जाहिरात होती. शेजारच्या निवृत्त इंजिनिअरांनी मला धीर दिला. "अहो, पटकथा म्हणजे काय? 'रात्र. गच्ची. पाऊस.' एवढंच लिहायचं ना? पाऊस काय तुम्ही पाडणार आहात?" त्यांच्या मते तीनशेवीसपैकी निम्मी पानं तर पावसातच निघाली असती.

करारपत्राचा मसुदा आला तो तेवीस पानांचा, इंग्रजीतला. तो मी वकील भाच्याला दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या लेखनाचे हक्क त्यांना संपूर्ण विश्वात, अनंतकाळपर्यंत, आज असलेल्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत हवेत."

"विश्वात?" ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. "गावच्या सातबाऱ्यावर अजून यांच्या काकांचं नाव आहे. त्यातले तीन गुंठे यांना सुटत नाहीत आणि विश्व कुठून देणार?"

भाच्यानं समजावून सांगितलं की करारात असं लिहायची पद्धतच आहे, आणि तिला कारणही आहे. मुदतीबद्दल करार गप्प राहिला तर आपला कॉपीराइट कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेशाबद्दल गप्प राहिला तर फक्त भारत धरतो. म्हणून त्यांचे वकील कशाबद्दलच गप्प राहत नाहीत. अनंतकाळ आणि विश्व असं दोन शब्दांत मोकळे होतात. पण २०१२ साली या कायद्यात एक दुरुस्ती झाली, ती त्यानं मला दोनदा वाचून दाखवली. थिएटरातले खेळ सोडून इतरत्र चित्रकृती वापरली गेली, तर लेखकाला रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा जो हक्क आहे, तो लेखकानं सोडून देतो म्हटलं तरी त्याला सोडता येत नाही. देताच येतो तो फक्त वारसांना, नाही तर लेखकांच्या कॉपीराइट सोसायटीला. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि या दुरुस्तीसाठी हिरिरीनं बोलले होते. म्हणजे लेखक नावाच्या भोळ्या प्राण्यानं आनंदाच्या भरात सही ठोकली, तरी कायदा मागून त्याची कॉलर धरतो. मला तो कायदा एकदम आईसारखा वाटला.

"पण मामा, हक्क असणं निराळं आणि पैसे खात्यात येणं निराळं," भाचा म्हणाला. हे मात्र तो वडिलांसारखं बोलला.

मग तो एका कलमावर अडला. श्रेयनामावलीत कुणाचं नाव कसं द्यायचं, हे निर्माता ठरवील, असं ते कलम. भाच्याच्या दृष्टीनं ती एक ओळ होती. मला मात्र त्या ओळीनं रात्रभर झोप येऊ दिली नाही, आणि त्याचं कारण चाळीस वर्षांहून जुनं आहे.

कॉलेजात असताना आम्ही दोघांनी मिळून एक एकांकिका लिहिली होती. होस्टेलच्या खोलीत, एकाच वहीत, एकाच पेनानं. तो लिहायचा, मी येरझारा घालायचो. तो दमला की मी लिहायचो आणि येरझारा त्याच्याकडे जायच्या. प्रयोगाच्या दिवशी छापील पत्रिका हातात पडल्या. छापखान्यात लेखकांच्या दोन ओळींना जागा पुरली नव्हती, म्हणून खालची ओळ काढून टाकली होती. खालची ओळ त्याच्या नावाची होती. सभागृह भरलेलं, पडदा वर जायची वेळ झालेली, करायला काही उरलं नव्हतं. तो काही बोलला नाही. प्रयोग छान झाला, लोक माझा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते आणि तो मागे नेपथ्याच्या फळ्या उचलत होता. पुढची दोन वर्षं आमचं बोलणं "येतोस का?" आणि "नाही, जरा काम आहे" एवढ्यावर राहिलं. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. न झालेलं भांडण मिटवायला जायचं कुणाच्या घरी?

माझे वडील गेले, त्या रात्री तो मुंबईहून मिळेल त्या ट्रकनं आला. पहाटेपर्यंत माझ्या शेजारी ओट्यावर बसून राहिला. त्यानंतर पत्रिकेचा विषय कुणी काढला नाही. आणि आता तेच दोघं, तशीच दोन नावं, आणि कोणाचं कसं छापायचं ते तिसराच ठरवणार. सीरिज चालली काय आणि पडली काय, माझं पेन्शन चालू आहे. हा मित्र मात्र गेला तर या वयात दुसरा मिळायचा नाही.

नावांचं हे दुखणं फक्त आपल्याकडचं नव्हे. अमेरिकेत रायटर्स गिल्ड नावाची लेखकांची दांडगी संघटना आहे. तिच्या नियमाप्रमाणे पडद्यावर दोन नावांच्या मध्ये 'अँड' हा शब्द अक्षरांत लिहिलेला असला, तर समजायचं की दोघांनी वेगवेगळं लिहिलं, एकाच्या हातून काम काढून दुसऱ्याला दिलं असंही असेल. आणि मध्ये ते जिलबीसारखं दिसणारं 'अँपरसँड' नावाचं चिन्ह असलं, तर दोघं एकत्र बसून लिहीत होते. सिनेमा संपल्यावर आपण चपला शोधत असतो, तेव्हा पडद्यावरून कुणाचा तरी संसार किंवा काडीमोड वर सरकत असतो.

आपल्याकडे सलीम-जावेद यांनी जिलबीही ठेवली नाही. दोघांचं मिळून एकच नाव केलं. १९७३ मध्ये 'जंजीर' लागला, तेव्हा पोस्टरवर लेखकाचं नाव घालायची रीत नव्हती. यांनी माणूस पाठवून मुंबईतल्या पोस्टरांवर आपलं नाव रंगवून घेतलं. पुढे १९७५ या एका वर्षात 'दीवार' आणि 'शोले'. आणि १९८० नंतर थोड्याच काळात दोघं वेगळे झाले. मला त्यांच्या यशाचा नव्हे, त्या वेगळं होण्याचाच विचार जास्त पडला. 'शोले' लिहिणाऱ्यांची जोडी टिकत नाही, तिथे 'गच्ची गळती आणि पुनर्विकास' लिहिणाऱ्यांची काय कथा?

उलटही उदाहरण सापडलं. हॉलिवुडात बिली वाइल्डर आणि रेमंड चँडलर या दोघांनी 'डबल इंडेम्निटी' या १९४४ च्या चित्रपटाची पटकथा मिळून लिहिली. दोघांचं एक मिनिट पटत नव्हतं. खिडकीचा पडदा लावायला सांगताना हा गृहस्थ 'प्लीज' म्हणत नाही, माझ्यावर छडी रोखतो, अशी तक्रारींची यादीच चँडलरनं वरिष्ठांना दिली, असं पुढे वाइल्डर स्वतःच रंगवून सांगत असे. पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं. म्हणजे जोडी पटणारी असो की न पटणारी, पटकथा चांगली होऊ शकते. पटकथेचा प्रश्न सुटला होता. मैत्रीचा शिल्लक होता.

मी मित्राला फोन केला. "सही करण्याआधी एक प्रसंग लिहून पाहू. रविवारी ये."

तो आला. येताना नवी कोरी वही आणि एकच पेन घेऊन आला. मी ते पाहिलं, मी पाहिलेलं त्यानं पाहिलं आणि दोघंही लॅपटॉप उघडण्याच्या खटपटीला लागलो.

प्रसंग असा होता: सोसायटीतल्या एक आजी पुनर्विकासाच्या संमतिपत्रावर सही करायला तयार नाहीत. का नाहीत?

तो म्हणाला, "नवऱ्याच्या आठवणी. भिंतीवर हात फिरवते. मागे सारंगी."

मी म्हटलं, "आमच्या सोसायटीत अकरा वर्षांत कुणी भिंतीवर हात फिरवला नाही. पोपडे निघतात. आजी विचारणार, ड्राय बाल्कनी कुठल्या बाजूला आहे, पापड वाळतील का?"

"पापडांवर चाळीस मिनिटं कोण बघेल?"

"सारंगीवर तरी कोण बघेल?"

असं दीड तास चाललं. आवाज चढले. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाला २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे किमान एकावन्न टक्के सभासदांची संमती लागते. दोघांच्या लेखनात ही सोय नाही. मत मोजलं की एक तर पन्नास टक्के नाही तर शंभर, एकावन्न कधी होतच नाही. त्यानं माझे पापड खोडले, मी त्याची सारंगी खोडली. ही दोनदा चहा आणि एकदा पोहे ठेवून गेली. आणि मग कधीतरी, कसं कोण जाणे, कागदावर हे आलं:

आजी संमतिपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. चष्मा काढतात. बिल्डरच्या माणसाला विचारतात, "नव्या घराच्या दारावर पाटी कुणाच्या नावाची?"

"आजी, ज्यांच्या नावावर फ्लॅट असेल त्यांची. म्हणजे तुमचीच."

"मग आत्ता यांची आहे, ती कुठे लावू?"

आम्ही दोघंही गप्प झालो. सारंगीची गरज नव्हती आणि पापडांचीही नव्हती.

"छान सुचलं तुला," मी म्हटलं.

"मला? तूच बोललास की!"

"छे, मी पोहे खात होतो. तुझंच आहे."

"तुझं आहे रे. माझ्या नावावर कशाला घालतोस?"

चाळीस वर्षांपूर्वी एका नावावरून जे झालं होतं, ते आम्ही आता उलट्या दिशेनं करत होतो. तेवढ्यात कपबशा उचलता उचलता ही म्हणाली, "ते मी म्हटलं मघाशी. दुसऱ्या चहाच्या वेळी. तुमचा दोघांचा आरडाओरडा चालला होता, म्हणून कळलं नसेल."

कुणी काहीच बोललं नाही. मग मित्र इतका हसला की त्याला ठसका लागला.

पाणी पिऊन झाल्यावर त्यानं जपानची एक गोष्ट सांगितली. 'सेव्हन सामुराई' हा १९५४ चा चित्रपट कुरोसावा, हाशिमोतो आणि ओगुनी या तिघांनी एका गावी, सरायीत मुक्काम ठोकून लिहिला. कुरोसावा आणि हाशिमोतो एकच प्रसंग आपापल्या कागदावर लिहायचे आणि ओगुनी दोन्ही वाचून निवाडा द्यायचा. तो स्वतः लिहीत बसायचा नाही. "आपल्याकडे ओगुनी आयता आहे," असं म्हणून त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं.

मला त्या दुपारी जे कळलं ते तेवीस पानी करारात कुठेच नव्हतं. पैसे किती, हे विचारता येतं. हक्क कुणाचे, हे भाचा सांगतो. पण ज्यानं आपलं वाक्य खोडल्यावरही आपल्याला त्याच्या कपात साखर घालावीशी वाटते, तो माणूस कोण, हे दुसरं कुणी सांगू शकत नाही. त्यानं माझे पापड खोडले तेव्हा मला राग आला होता, पण तो कुठेही जायला निघालेला नव्हता. कॉलेजात नेमकं तेच झालं नव्हतं. आम्ही भांडलोच नव्हतो.

आम्ही त्या नव्या वहीत आमचा स्वतःचा एक पानी करार लिहिला. कलम एक, नावं छापली तर दोन्ही, नाही तर एकही नाही, आणि मध्ये जिलबी. कलम दोन, भांडण तिथल्या तिथे, मोठ्या आवाजात करावं. कलम तीन, कुठलं वाक्य कुणाचं, हे कुणी कुणाला विचारू नये. कलम चार, मतं समान पडल्यास तिसऱ्या व्यक्तीचा निर्णय अंतिम. तिसऱ्या व्यक्तीनं करार वाचून कलम पाच घातलं, "पोह्यांच्या वेळी चर्चा बंद." तिघांनी सह्या केल्या.

मी होकार कळवला. भाच्यानं तिकडच्या वकिलांशी आठवडाभर घोळ घातला आणि शेवटी फोन केला. "मामा, दोन्ही नावं एकत्र देण्याचं कलम त्यांनी लेखी मान्य केलंय. जिलबीसकट. विश्व मात्र सोडायला तयार नाहीत."

फोन स्पीकरवर होता. मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, "राहू दे विश्व त्यांच्याकडे. पहिला हप्ता कधी, तेवढं विचार."